दोन्ही बाजू सारख्या

रेडिओलहरींना हवी ती दिशा देणं ही विज्ञानाची सर्वोच्च साधना आहे, असं साहेबांना सांगत रेवणसिद्ध गच्चीवर आला आणि आईनं वाळत घातलेल्या पापडांवर चालत गेला.

"दिशा बघून चाल की," त्याची आई काशम्मा म्हणाली.

साहेब हसले नाहीत. बेंगळूरच्या प्रयोगशाळेतून ते त्याचा अँटेना पाहायलाच आले होते. चालला तर रेवणसिद्धला तिथं जागा, नाही तर पॉलिटेक्निकातली मास्तरकी होतीच.

अँटेना म्हणजे तांबं चढवलेली एक पट्टी. तिच्यावर रांगेत तांब्याचे चौकोन. काशम्मा त्यांना ठिगळं म्हणे. डावीकडून उजवीकडे प्रत्येक ठिगळाकडे जाणारी रेघ आधीच्यापेक्षा थोडी लांब. त्यामुळे लहर प्रत्येकाला जरा उशिरा पोचते आणि पट्टी न हलवता फक्त उजवीकडे झुकते. रेवणसिद्धचा नकाशा पाहून तांब्यावर शाईनं आखणी केली होती भवानी पेठेतल्या नागप्पानं; शाईबाहेरचं तांबं मग आम्लानं खाल्लं होतं. चादरींची नक्षी काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

नागप्पानं पट्टी स्टुलावर उभी धरली. रेवणसिद्ध मीटर घेऊन उजवीकडे गेला. काटा चढला. साहेब खुर्चीत पुढे सरकले. मग तो डावीकडे गेला. काटा तितकाच चढला.

"नागप्पा, उजवी बाजू नकाशाप्रमाणंच काढलीस ना?"

"न्हाय सर. डावी काढली आन् तीच उलटून घेतली. चादरीत तसंच असतंय की. तुमच्या रेघा एका अंगाला लांबतच चालल्या हुत्या. घाईत चुकलं असंल म्हणलं. जुळवून दिलं."

"बरं," रेवणसिद्ध म्हणाला. त्यानं मीटर बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं.

साहेबांनी पट्टी उन्हात धरून रेघांवरून नख फिरवलं. एकही रेघ कुठं फुटली नव्हती.

"असा हात आमच्याकडे नाही," ते नागप्पाला कानडीत म्हणाले. "येतोस बेंगळूरला?"

नागप्पानं रेवणसिद्धकडं पाहिलं. तो मीटरची वायर गुंडाळत होता. गुंडाळून झाल्यावर त्यानं ती सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

"जा की," तो म्हणाला.

"तितं चादरी विणत्यात का, सर?"

"नाही."

"मग नक्षी अर्धीच काढायची, उलटून घ्यायची न्हाय, न्हवं?"

"पूर्ण काढायची. दिलेली."

अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये नागप्पा बेंगळूरच्या प्रयोगशाळेत रुजू झाला.