मऊ डोळे

टीव्हीवरच्या काकूला रस्त्यावरची पोरंटोरंसुद्धा ओळखायची. ‘माझी खात्री आहे’ म्हणायच्या जागी काकू ठासून ‘माझी कात्री आहे’ म्हणायची आणि लोक पोट धरून हसायचे. काकू वठवणारी बाईच काकू लिहिते, हे मात्र कुणाच्या गावीही नव्हतं. बाईने हसवलं तर लोकांना चालतं. ते हसू तिने डोकं फोडून लिहिलंय म्हटलं की पचत नाही. म्हणे, हिला येतंच तसं बोलता! येतं काय, कप्पाळ! चोरलं होतं तिने. सख्ख्या आईकडून.

आईची जीभ जन्माची घसरट, आणि ही चोरी तिला पक्की माहीत होती. मालिका लागली की शेजारणींना गोळा करून सांगायची, “बोलतेय ना, ती मी. लेकीचं नुसतं तोंड आहे.”

मग आईला झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि शब्द जागा सोडून भलतीकडेच जाऊन बसले. पाणी हवं असलं की ती ‘दार’ म्हणायची. लेक धावत जाऊन दार उघडायची, आणि आई कोरड्या घशाने बघत राहायची.

त्यानंतरच्या भागात लेकीने काकूला एकही शब्द चुकू दिला नाही. तालमीत सगळे ढिम्म बसले.

“काकूने काय वर्तमानपत्र गिळलंय?” दिग्दर्शक म्हणाला.

“सुधारली ती.”

“सुधारली तर बसव घरी! आपल्याला बिघडलेलीच हवी. उद्या नीट लिहून आण, नाहीतर दुसऱ्याला सांगतो. तू फक्त तोंड रंगवून ये.”

“काकू माझी आहे.”

“काकू चॅनेलची आहे, बाई.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरा काय लिहील ते तिला ठाऊक होतं. बोबडं, तोतरं, थुंकी उडवणारं. आणि तिला ते बोलावं लागेल, आईच्या देखत.

घरी येऊन ती आईचे केस विंचरायला बसली.

“काकू सोडतेय मी.”

“का गं?”

“लोक हसतात.”

“मग... रडायला लिहितेस?”

“आई, आधी तुझं चुकणं म्हणजे गंमत होती. आता तुला लागतं.”

आईने मान झटकली. “येतात सगळे. बघायला. घेऊन येतात ते... ते...” शब्द सापडेना. तिने डाव्या हाताने डोळ्यांकडे बोट केलं, मग उशी दाबली. “मऊ. मऊ डोळे.”

“कीव?”

“तेच मेलं! तू पण. तू... पहिली.”

कंगवा केसांतच अडकून राहिला.

“दार,” आई म्हणाली.

लेक आता शहाणी झाली होती. धावत जाऊन पाण्याचा पेला घेऊन आली.

“दार!” आई कडाडली. “दारच! वारा नको मला?”

लेकीने दार उघडलं आणि तिथेच चौकटीला टेकून हसत सुटली. हसता हसता खालीच बसली. आईचं अर्धं तोंड हसत होतं, अर्धं नव्हतं. झटक्यानंतर या घरात पहिल्यांदाच कुणीतरी कुणालातरी हसलं होतं.

“काकूलाही झटका येऊ दे?” लेकीने दबकत विचारलं.

“येऊ दे. पण गरीब... नको करूस. भांडू दे तिला.”

दिग्दर्शक थयथयाट करणार होता. करू दे. लेक कागद घेऊन आईच्या पायाशी बसली.

“सून तिला भरवायला येते. मग काकू काय करते?”

“सुनेचं... फोडते.”

“काय फोडते?”

आई शब्द शोधू लागली. ताट, डोकं, आरसा, लेकीच्या जिभेवर ढीगभर शब्द आले. तिने एकही पुढे केला नाही. पेन धरून वाट बघत राहिली. आईचे ओठ हलत होते, थांबत होते.

“टीव्ही!” आई म्हणाली.

हवा होता तोच शब्द हा, की दुसराच कुठला, हे लेकीने विचारलं नाही. तिने लिहून टाकला.