बिजागरीची कुऱ्हाड

सासूला माणसं मारायला शिकवलं ते सुनेनं. सुट्टीचा दिवस होता, भर दुपार होती, धुण्याच्या मशीनमध्ये चादरी गरगर फिरत होत्या आणि दोघी पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या.

"अंगठा इथं ठेवा, आई. करंगळी इथं. अंगठ्यानं वार, करंगळीनं ढाल. झालं."

"आणि पळायचं कशानं?"

"डाव्या हाताच्या अंगठ्यानं. तो तर शाबूत आहे ना तुमचा?"

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर सासूनं आठवडाभर अबोला धरला असता. पण ही सून मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारी. फुटलेल्या वस्तूकडे पाहून हळहळायची तिला सवयच नव्हती. अजून काय काय चालतंय, एवढंच ती बघायची. सासूच्या उजव्या हाताचा अंगठा चालत होता, करंगळी चालत होती. मधली तीन बोटं प्रेसनं नेली होती.

सासू वीस वर्षं बिजागऱ्यांच्या कारखान्यात प्रेसवर होती. पत्रा आत सरकवायचा, पायानं पेडल दाबायचं, धाडकन ठोका पडायचा आणि बिजागरीचं पान खाली टोपलीत. प्रेसच्या तोंडाशी लोखंडी जाळी असायची. ती खाली ओढल्याशिवाय ठोका पडायचा नाही, त्यामुळे हात वाचायचा. पण दर वेळी जाळी वरखाली करण्यात वेळ जातो म्हणून एकदा मोठी ऑर्डर आली तेव्हा सुपरवायझरनं तिच्या मशीनची जाळीच खटक्यासकट काढून टाकली आणि तो पाठीमागून टाळ्या वाजवत फिरू लागला. "हात चालवा, हात! झोपा काढायला आलात का?"

हात चालला, आणि एका ठोक्याला आतच राहिला. तिला दुखणं नंतर कळलं. आधी दिसलं ते टोपलीत पडलेलं लाल पान, आणि कानावर आलं ते शेजारच्या प्रेसचं धाडधाड, जे थांबलंच नाही. चौकशीत सुपरवायझर म्हणाला, "बाईंनीच जाळी काढली." बाकीचे माना खाली घालून उभे राहिले. ज्याला त्याला पोट होतं.

त्यानंतर ती घरी बसली. मुलगा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. सासू खिडकीशी बसून रस्ता बघायची आणि कुणी बोलायला आलं की हात पदराखाली घ्यायची. सुनेनं हे काही महिने पाहिलं आणि मग दुकानातून काच बदललेला एक टॅब आणून तिच्या मांडीवर टाकला.

खेळाचं नाव कवटीगड. पाच जण इकडे, पाच जण तिकडे, मध्ये एक दगडी पूल, आणि ज्यांचा दरवाजा आधी फुटेल ते हरले. शिकायला फारसं काही नव्हतं. जो बसेल तो खेळू शके. पण वेग असा की पापणी लवली तर मुंडकं गेलं. मेलेला माणूस थोड्या वेळानं आपल्या दरवाज्याशी पुन्हा उठे आणि पुन्हा मरायला पळत येई. शत्रू जवळ आला की त्याचा आवाज कानात ऐकू यायचा, म्हणजे शिव्या द्यायच्या तर समोरासमोर.

सासूनं आपल्यासाठी कुऱ्हाडवाली राक्षसीण निवडली. रुंद खांदे, मोडकं नाक, गळ्यात दातांची माळ. नाव काय ठेवायचं, असं सुनेनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बिजागरी."

पहिले काही दिवस बिजागरी पटापट मेली. भाल्यानं मेली, बाणानं मेली, एकदा तर स्वतःच पुलावरून खाली पडली आणि सून हसून हसून लोळली. मग सासूला ताल सापडला. समोरच्यानं तलवार उगारली की करंगळी दाबायची, ठण्ण आवाज झाला की लगेच अंगठा. ठोक्याची वाट बघणं तिच्या हाडात मुरलं होतं. कुऱ्हाड खांद्यात रुतायची, हाड कडकन मोडल्याचा आवाज यायचा, काळपट रक्त काचेवर उडायचं. ती कुऱ्हाड उपसायची आणि पुढच्याच्या मानेत घालायची.

"मेला! अगं, मेला बघ भाड्या!"

"आई, शिव्या जरा हळू. शेजारी मुलांचा अभ्यास चाललाय."

सून चपळ धनुर्धारी होती. मागून बाण सोडायची आणि सासू पुढं कापत जायची. दुकानातले तिघं त्यांच्या टोळीत आले. बिजागरी पुलावर उभी असली की समोरचे बिचकायला लागले. जेवताना सासू आता हात पदराखाली घेत नसे.

मग गावातल्या टोळ्यांची स्पर्धा लागली. उपांत्य फेरीत त्यांच्यासमोर कोण आहे ते सुनेनं पाहिलं आणि हातातला मोबाइल खाली ठेवला.

"आई, हे तुमच्या कारखान्यातले आहेत. प्रेस खात्यातले. नको असेल तर…"

"का नको? चांगली पोरं आहेत ती. चल."

संध्याकाळ होती, दिवे नुकतेच लागले होते. शिंग वाजलं आणि दोन्ही टोळ्या पुलावर एकमेकींवर आदळल्या. बिजागरीनं पहिल्याचा पाय गुडघ्यातून तोडला, दुसऱ्याला ढालीनं ढकलून कठड्यावरून खाली फेकलं. तेवढ्यात लोखंडी मुखवटा घातलेला एक धिप्पाड योद्धा धुरातून पुढं आला आणि कानात आवाज घुमला.

"हात चालवा रे, हात! झोपा काढायला आलात का?"

सासूची करंगळी हवेतच राहिली. ढाल उचलली गेली नाही. मुखवटेवाल्यानं तलवार तिच्या पोटात मुठीपर्यंत खुपसली, वर ओढली, आणि पडदा लाल झाला.

"आई, काय झालं?"

"तो आहे," सासू म्हणाली. तिची नसलेली बोटं ठणकत होती.

सुनेला विचारावं लागलं नाही.

बिजागरी पुन्हा उठली आणि थेट पुलाकडे धावली. वाटेत जो आडवा आला त्याला तिनं तोडलं, पण बघितलं नाही. मुखवटेवाला तिच्याकडे वळला, त्यानं तलवार उगारली. करंगळी. ठण्ण. अंगठा. कुऱ्हाड मुखवट्याच्या मधोमध बसली, तो दुभंगला, आतला चेहराही दुभंगला. तो कोसळला तरी तिनं आणखी तीन घाव घातले.

तो पुन्हा उठून आला. तिनं त्याचा तलवारीचा हात कोपरापासून उडवला, मग मान. तो पुन्हा आला, या वेळी दोघांना सोबत घेऊन. सोबतचे दोघं सुनेच्या बाणांनी लोळले आणि सासूनं त्याला कठड्याशी दाबून छातीचा पिंजरा फोडला.

"आई, दरवाजा!" सून ओरडली. "उरलेले आपल्या दरवाज्याशी पोचलेत! मागे या!"

सासू मागे वळली नाही.

"कोण आहे ही बया?" मुखवटेवाल्याच्या आवाजातला माज आता उतरला होता. "अरे, धरा तिला कुणीतरी! मलाच का?"

आता तो पळू लागला. बिजागरीनं त्याला त्याच्याच गडाच्या भिंतीपर्यंत पळवलं, पाठीत कुऱ्हाड फेकून गुडघ्यावर आणलं, कुऱ्हाड उपसली आणि त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. त्याच्या टोळीतले दोघंही पुन्हा उठून धावत आले होते. एवढ्या दिवसांत सासूनं आपला माइक कधी चालू केला नव्हता, तो आज केला.

"माझ्या मशीनची जाळी कुणी काढली होती?"

कानात नुसती खरखर. बाण थांबले. त्याच्या टोळीतली माणसंही जागच्या जागी उभी राहिली. तो आवाज त्यांनी वर्षानुवर्षं शेजारच्या मशीनवरून ऐकला होता.

"…बाई? तुम्ही?"

"मी विचारलं ते सांग."

"बाई, हा खेळ आहे. इथं कशाला…"

"पोरं ऐकतायत. सांग त्यांना."

 मग त्याचा श्वास ऐकू आला. "मी काढली. माल जायचा होता. वरून रोज फोन येत होते. मला वाटलं, एका दिवसानं काय होतंय. असं होईल असं वाटलं नव्हतं, बाई."

"आणि नाव माझं घेतलंस."

"हो."

सासूनं अंगठा दाबला. कुऱ्हाड खाली आली आणि त्याचं डोकं दगडांवरून घरंगळत गेलं. त्याच क्षणी मागं धडधडून आवाज झाला. त्यांचा दरवाजा फुटला होता. पडद्यावर पराभव उमटला.

सासूनं टॅब मांडीवर ठेवला.  आपल्याला आता रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. त्याला आणखी दहा वेळा मारता आलं असतं तर बरं, एवढंच मनात येत होतं आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

"हरलो आपण," सून म्हणाली. "माझ्यामुळे नाही हां."

"माझ्यामुळे. दुकानातल्या पोरांना सांग, मावशी माफी मागते म्हणावं."

"सांगितलं. ते म्हणतात, मावशींनी मुंडकं उडवलं ते पुन्हा बघायचंय."

दोन दिवसांनी कारखान्यातली एक बाई घरी आली. सासूच्या जागेवर आता तीच बसत होती. दारातच चप्पल काढता काढता तिनं सगळं सांगून टाकलं. सकाळी प्रेस खात्यात कुणी पेडलच दाबलं नाही. ज्या ज्या मशीनला जाळी नव्हती तिथं ती बसेपर्यंत सगळे हाताची घडी घालून उभे राहिले. सुपरवायझर नेहमीसारखा ओरडला नाही. मॅनेजर आला तेव्हा त्यानं खाली मान घालून सांगितलं, की जाळी बाईंनी काढली नव्हती, मी काढली होती. जाळ्या दुपारी बसल्या. चौकशी पुन्हा लागणार होती आणि या वेळी चौघं बोलायला तयार होते.

"तुम्हालाही बोलावतील," ती बाई म्हणाली. "याल ना?"

"येईन की," सासू म्हणाली आणि तिच्या पुढ्यात पाण्याचा पेला ठेवायला उजवाच हात पुढं केला. पेला जरा हलला, थोडं पाणी सांडलं. ती बाई त्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं पेला घेतला आणि डोळे पुसले.

"रडतेस काय," सासू म्हणाली. "बस. आतून टॅब आणते. अंगठा कुठं ठेवायचा ते दाखवते तुला."