काचेवरचा नंबर

"पोलिसांत जायचं. आत्ताच्या आत्ता!" ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

"अहो, तुमच्या उजव्या हाताला काय आहे?" बायकोने विचारलं.

त्यांनी पाहिलं, पण टपावरून पलीकडे. बाजारामागच्या मोकळ्या जागेत त्यांची छोटी निळी गाडी दोन हातांवर उभी होती आणि ते तिच्या डोक्यावरून तिलाच शोधत होते. उभा जन्म बस चालवलेली नजर. वर्षभरापासून स्मरणशक्ती दगा देऊ लागली, तशी ती नजर बसच्या उंचीवरून खाली यायचंच विसरली. मागे एकदा तर चौकीत तक्रार देऊन आले. गाडी दारातच होती. हवालदार हसला नाही, हे तिला जास्त लागलं होतं.

त्यावर तोडगाही त्यांनीच काढला. काचांवर नंबर कोरून घ्यायचा. सगळ्या काचा बदलणं चोराला परवडत नाही, तो अशा गाडीच्या वाटेला जात नाही.

"हा डबा कोण चोरतोय? भंगारवालासुद्धा हात जोडेल," ती म्हणाली होती. तरी बाजारातून निघाल्यावर तिने गाडी काचवाल्याच्या दुकानाकडे वळवली. तिथे भाव ऐकायचा, महाग म्हणायचं आणि घरी यायचं, असं तिने ठरवलं होतं.

"कोणता नंबर, काका?" काचवाल्याने विचारलं.

"बेचाळीस सतरा," ड्रायव्हरसाहेब छाती काढून म्हणाले.

काचवाल्याने गाडीची पाटी पाहिली. "काका, हा तर..."

"जरा इकडे या हो," ती घाईने म्हणाली आणि त्याला दुकानाच्या कोपऱ्यात घेऊन गेली.

तो नंबर त्यांच्या शेवटच्या बसचा होता. शेजाऱ्यांची नावं गेली, लेकीचा वाढदिवस गेला, तो तेवढा राहिला होता. परक्यासमोर कुणी चूक दाखवली की ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसत, जेवतही नसत. ती शाळेचे गणवेश शिवायची. कॉलरच्या आत नाव घालतात ते काही चोराच्या भीतीने नाही, ढिगातून पोराला आपला शर्ट सापडावा म्हणून.

"ते सांगतात तोच कोरा."

"अहो काकू, उद्या गाडी गेली तर याचा शून्य उपयोग. पैसे पाण्यात."

"गेली तर गेली. यांना सापडली पाहिजे."

काचवाल्याने एकदा बाहेर उभ्या ड्रायव्हरसाहेबांकडे पाहिलं आणि मशीन उचललं. "मोठा कोरू?"

"मोठा. आणि जितका वर जाईल तितका वर."

काम झाल्यावर ड्रायव्हरसाहेबांनी एकेका काचेवरून बोट फिरवलं. "आपलीच आहे," ते म्हणाले. कोण चालवणार यावरून रोज वाद व्हायचा, तो आज झाला नाही. "तू स्टिअरिंगवर बस. मी मागचं बघतो."

ते रस्त्यात जाऊन उभे राहिले. एक सायकल थांबवली, एका हातगाडीला दटावून बाजूला घेतलं. "येऊ दे, उस्ताद, येऊ दे!"

बसला वळायला लागते तेवढी जागा त्यांनी मोकळी करून दिली. तिने ती सगळी वापरली.