अकरा ओळींची जागा

चरित्रकोशाच्या कचेरीत अख्खं शतक पुठ्ठ्याच्या खोक्यांत निजलेलं होतं. न्यायाधीशाशेजारी नाविक, नाविकाशेजारी नटी. माणूस कितीही मोठा असो, ओळी अकराच. एकोणीस वर्षं ताई माणसं अकरा ओळींत बसवत आली होती.

हा शेवटचा खंड. त्यातली एक जागा तिनं मामांसाठी धरून ठेवली होती. आईबाप गेल्यावर तिला वाढवणारे हे मामा लाकडी पाय बनवायचे. युद्धात, गिरणीत, रुळांवर पाय गमावलेली चार हजारांवर माणसं त्यांनी उभी केली. आता स्वतः मात्र इस्पितळात अंथरुणाला खिळले होते.

अडचण एकच होती. मामा जिवंत होते.

कोशात जागा फक्त गेलेल्यांना. पूर्वी ऐकीव बातमीवरही भागायचं. पण पहिल्या खंडात ताईनंच एका पोहणाऱ्याला मारून छापलं, आणि तो धट्टाकट्टा गृहस्थ आपली प्रत मागायला दारात हजर! तेव्हापासून मृत्यूचा दाखला टेबलावर आल्याशिवाय नोंद नाही. यादी गुरुवारी पाचला बंद होणार होती.

"साहेब, डॉक्टर म्हणतात, फार तर दोन दिवस," बुधवारी ती संपादकांना म्हणाली.

"ताई, हा नियम कुणामुळे आला?" ते चष्मा पुसत म्हणाले. "जागा उरलीच तर सर्कशीतला विदूषक घालू. तो बिचारा तीस वर्षांपूर्वीच गेलाय, कागदासकट."

संध्याकाळी ती मामांच्या उशाशी बसली.

"वाच की गं पोरी, काय लिहिलंयस ते."

"कृत्रिम पायांचे कारागीर. गुडघ्याचा नवा सांधा त्यांनी घडवला. ते मितभाषी होते..."

"होते!" मामांना हसता हसता ठसका लागला. "मेल्यावर माणूस मितभाषी होणारच की! आणि पट्ट्याचं लिहिलंस? पट्टा मांडीला घासला की माणूस पाय खुंटीला टांगून मोकळा होतो. मी आतून लोकर लावली, म्हणून चालले ते."

"ओळ उरली नाही, मामा."

"मग सांधा काढ, पट्टा घाल." थोडा दम खाऊन ते म्हणाले, "उद्या पाचच्या आत आटपतो बघ. गिऱ्हाइकाला कधी ताटकळत ठेवलं नाही मी."

"असं अभद्र बोलू नका हो."

तिनं सांधा काढला, पट्टा घातला.

रोज पहाटे ती देवापुढे बसून मामांसाठी आयुष्य मागायची. गुरुवारी हात जोडले, आणि काय मागावं तेच सुचेना. समई विझत आली. शेवटी सवयीनं ओठांवर आलं ते आयुष्यच.

देवानं ऐकलं. पाचच्या ठोक्याला विदूषक आत गेला.

साडेपाचला मामांनी गुंगीतच विचारलं, "वेळेत झालं ना?"

"झालं मामा. पट्ट्यासकट."

देवाकडे आयुष्य मागणाऱ्या तोंडानं ती खोटं बोलली.

शुक्रवारी सकाळी मामा गेले. इस्पितळाच्या कचेरीच्या खिडकीपाशी नर्स मृत्यूच्या दाखल्याचा कागद भरत होती. नाव झालं, वय झालं.

"व्यवसाय? एकच शब्द सांगा हं ताई, चौकट लहान आहे."

ताईनं तोंड उघडलं. सांधा, पट्टा, लोकर, चार हजार माणसं... मागे आणखी दोघं खोळंबले होते.

नर्स जरा थांबली. मग तिनंच लिहिलं, 'निरंक', आणि कागदावर शिक्का मारला.