त्याच्या तोंडातली माझी जागा

मी बोलतोय याचं तुम्हाला नवल वाटेल. सतरा वर्षं ज्याच्या तोंडात राहिलो त्याला मी पाण्याखाली अवाक्षर काढू दिलं नाही, मग मला स्वतःला बोलायची सवय कुठून असणार? पण पोटात साठलेलं एकदा सांगून टाकावं म्हणतो. देवाची क्षमा मागायची तर आधी चूक कबूल करावी लागते.

मी एका पाणबुड्याचा रेग्युलेटर. पाठीवरच्या बाटलीत हवा इतकी दाबून भरलेली असते की ती सरळ तोंडात घेतली तर छाती फुटेल. माझा पितळी भाग बाटलीच्या तोंडावर बसतो आणि तो दाब कमी करतो. तिथून एक नळी निघते. नळीच्या टोकाला वाटीएवढा गोल डबा, आणि डब्यात रबराचा पातळ पडदा. माणसाने श्वास ओढला की पडदा आत झुकतो आणि हवा येते. ओढणं थांबलं की हवा थांबते. मागितल्याशिवाय द्यायचं नाही आणि मागितल्यावर नाही म्हणायचं नाही, एवढाच माझा धर्म.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. एका बाईने मला पाण्याच्या टाकीत बुडवून निरखून पाहिलं होतं आणि शेजारणीला म्हणाली होती, "एक बुडबुडा नाही बघ. गुणी आहे." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

मग मी माझ्या मालकाकडे आलो. तो शहराच्या पाणीपुरवठा खात्यात. तलावात शहरासाठी पाणी घेणारा एक मनोरा आहे, त्याच्या तळाशी मोठमोठ्या लोखंडी जाळ्या. त्यांच्यात गाळ, फांद्या, फाटक्या गोण्या अडकतात. त्या काढल्या नाहीत तर शहरातले नळ कोरडे पडतात. मालक चौदा मीटर खाली उतरून त्या हाताने साफ करतो. वर काठावर त्याची दोरी धरून एक उंच, किडकिडीत माणूस उभा असतो, बहुतेक वेळ एका पायावर. त्याला सगळे बगळा म्हणतात.

उतरण्याआधी मालक मला दोन बोटांनी टकटक करायचा, कुणाच्या दारावर करावं तसं. त्याची उजवीकडची दाढ पडलेली आहे, म्हणून तो मला डावीकडून घट्ट धरायचा. तोंडात धरायच्या माझ्या रबरावर त्याच्या डावीकडच्या दातांचे खड्डे आहेत. खाली काम करताना तो नाकात गुणगुणायचा. ते गाणं त्याच्या बायकोनेही कधी ऐकलं नाही. ते फक्त माझं होतं.

आणि मग तो आला. नवा!

खात्याने सगळ्यांना नवे रेग्युलेटर द्यायचं ठरवलं, कारण माझे सुटे भाग मिळेनासे झाले होते. नवा माझ्यापेक्षा निम्म्या वजनाचा. अंगाला निळी कड, रबर लोण्यासारखं मऊ. आणि त्याच्या कुशीला एक गोल नॉब. मला कसलाही नॉब नाही. मी दोन्ही बाजूंनी सपाट.

"श्वास हलका-जड करायचा नॉब आहे हा," मिस्त्री म्हणाला. खात्यातली सगळी यंत्रं तोच बघतो. "तुमच्या छातीप्रमाणे सेट करून दिलाय. आता याला हात लावायचा नाही, दादा."

"मी कशाला लावतोय? सतरा वर्षं नॉबावाचून काढली," मालक म्हणाला. मला ते फार बरं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी पाण्यातून वर येऊन तो म्हणाला, "अरे बगळ्या, काय हवा येते याच्यातून! दारं-खिडक्या उघड्या टाकून झोपल्यासारखं वाटलं." मी पिशवीच्या तळाशी होतो. माझ्या नळीला त्याच क्षणी पीळ पडला असता तर बरं, असं मला वाटलं.

घरी वहिनी असते. मालकाची बायको, पण बगळा आणि मिस्त्री तिला वहिनी म्हणतात म्हणून मीही म्हणतो. रोज संध्याकाळी ती आम्हाला मोरीत गोड्या पाण्याने धुते. मला ती नेहमी फरशीच्या फडक्याने पुसायची, आणि मला तेच मायेचं वाटायचं. नव्यासाठी तिने जुन्या मऊ चादरीचा तुकडा कापून वेगळा ठेवला. मला खिळ्यावर टांगलं आणि त्याला चादरीवर निजवलं.

वहिनीची एक सवय आहे. घरात जे जे फिरतं ते ती घट्ट बंद करते. गॅस, नळ, बरण्या, औषधाच्या बाटल्या. एकदा बंद करते आणि मग मन खाऊ लागलं की पुन्हा जाऊन पिळते. तिने लावलेलं बरणीचं झाकण उघडायला शेजारच्या पैलवानाला हाक मारावी लागते. नव्याला धुऊन झालं की तिचा हात त्याच्या कुशीकडे जायचा, आणि तो नॉब ती पार आतपर्यंत पिळायची. हवेचं यंत्र आहे, गळायला नको.

तिने नव्याला पहिल्यांदा धुतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मालक वर आला तो धापा टाकत.

"काय झालं?" बगळ्याने विचारलं.

"वर ठीक येतो रे श्वास. खाली जाऊन हात चालवायला लागलो की जड. जाड चादर तोंडावर धरून ओढावा तसा."

तो मिस्त्रीकडे गेला. मला तो सवयीने रोज पिशवीतून न्यायचा, म्हणून मीही होतोच. मिस्त्रीने सगळं विचारलं. बाटलीची चावी पूर्ण उघडता ना? श्वास घेताना दाबाच्या काट्याला झटके बसतात का? नळी कुठे दुमडते का? काटा स्थिर, नळी सरळ, चावी पूर्ण उघडी. मग त्याने नव्याला हातात घेतलं, आणि घेता घेताच यंत्रं खोलून खोलून राकट झालेल्या त्याच्या अंगठ्याने नॉब फिरवून मधोमध आणला. चष्मा नाकावर चढवावा तितक्या नकळत. त्यालाही कळलं नाही, मालकालाही नाही. मग बाटलीला लावून ओढून बघितलं. "दादा, हा तर लोण्यासारखा चालतो."

त्या दिवशी नवा चांगला चालला. संध्याकाळी वहिनीने त्याला धुतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जड.

तिचा हात पिळत होता, मिस्त्रीचा अंगठा उलगडत होता, आणि दोघांनाही पत्ता नव्हता. पत्ता होता तो फक्त मला. खिळ्यावरून मी रोज बघत होतो. मला वाचा नव्हती हे खरं, पण असती तरी मी गप्प बसलो असतो, हेही तितकंच खरं. वहिनीचा हात नॉबकडे गेला की मी मनात म्हणायचो, पिळ माय, अजून पिळ.

तीन आठवडे असं चाललं. मग खात्यातल्या साहेबांनी मालकाला बोलावलं.

त्या संध्याकाळी तो मोरीच्या उंबऱ्यावर बसला आणि वहिनीला म्हणाला, "साहेब म्हणतात, यंत्र नवं आहे, दोनदा तपासलंय. छाती दाखवून घ्या. महिनाअखेर डॉक्टरांचा दाखला आणा, नाहीतर खाली उतरणं बंद."

"तुमच्या छातीला काय झालंय?"

"वय झालं असेल गं. खाली मला भीती वाटते आता. कधी वाटली नव्हती." त्याने छातीवर हात ठेवला. "उतरणं बंद झालं तर मी करू काय? मला दुसरं काय येतं?"

वहिनी उठली. हात पुसून देवापुढे जाऊन उभी राहिली. बाहेर आली तेव्हा तिने नवस केला होता. यांचा श्वास मोकळा होईपर्यंत चहात साखर घालणार नाही. ती दिवसातून चार वेळा चहा घेते आणि प्रत्येक वेळी दोन चमचे साखर घालते, हे लक्षात घ्या.

"नवस करायचाच होता तर माझ्या चहातली साखर का घालवलीस?" दुसऱ्या दिवशी मालकाने पहिला घोट घेऊन विचारलं.

"एका पातेल्यात दोन चहा होत नाहीत. प्या मुकाट्याने."

आणि काळजीपोटी ती माउली नॉब आता दोन्ही हातांनी पिळू लागली.

तेव्हा पहिल्यांदा मला माझी लाज वाटली. पण हेवा असा की माणसाला वाईट वाटतं आणि तरी तो हेवा सोडत नाही. मला वाटलं, आता तो माझ्याकडे येईल.

आणि तो आला. सुट्टीच्या दिवशी त्याने मला खिळ्यावरून काढलं, दोन बोटांनी टकटक केलं आणि बगळ्याला घेऊन तलावाच्या उथळ कडेला उतरला. त्याचे दात माझ्या खड्ड्यांत बरोब्बर बसले. मी जीव ओतून हवा दिली. पण माझा पडदा आता म्हातारा झाला होता. कडेला बारीक चीर पडली होती आणि मला ते माहीत नव्हतं. प्रत्येक श्वासाबरोबर चमचाभर पाणी त्याच्या घशात गेलं. तो खोकत, डोळे लाल करून वर आला.

"जुना पाणी पाजतो, नवा उपाशी ठेवतो," बगळा म्हणाला. "दादा, तुम्ही आता मासाच व्हा."

मालक हसला नाही. "दोन्हींतून जमत नाही म्हणजे दोष माझाच आहे, बगळ्या. घरी जाऊ या."

मीच त्याची शेवटची आशा बुडवली होती. नव्यावर रागावायलाही मला तोंड उरलं नाही.

त्या संध्याकाळी वहिनीने मोरीत आम्हा दोघांना धुवायला घेतलं. नव्याला पाणी घातलं, नॉब पिळला, चादरीवर ठेवला. मग मला घेतलं. माझ्यावर पाणी ओतलं, आणि सवयीने तिचा हात माझ्या कुशीकडे गेला. तिथे काही नव्हतं. तिने मला उलटं करून दुसरी बाजू पाहिली. तिथेही काही नव्हतं.

"अहो," तिने हाक मारली, "तुमच्या जुन्याला बंद करायला काहीच नाही का? म्हणूनच पाणी शिरलं असेल!"

"बंद करायला म्हणजे?"

"नव्याला आहे ना. तो मी रोज घट्ट करते. तुमचं तर लक्षच नसतं, उघडाच टाकता."

मालक उंबऱ्यावर थिजला. मग त्याने नव्याला उचललं आणि नॉबला हात घातला. तो हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे सुटला. बाहेरच्या खोलीत बाटली होती. तिला लावून त्याने एक श्वास ओढला, मग दुसरा, मग डोळे मिटून खूप मोठा तिसरा. हवा अशी मोकळी आली की दारातला पडदा हलला, असं मला वाटलं.

वहिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "म्हणजे मी... मीच तुमचा श्वास..."

"अगं, वीस वर्षं तुझ्या हातची झाकणं उघडतोय. मला कळायला नको?" त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी मेल्यावर मला मात्र तू बंद करू नकोस. स्वर्गाचं दार उघडणार नाही."

ती रडता रडता हसली.

दुसऱ्या दिवशी तो चौदा मीटर खाली पाऊण तास राहिला. वर येऊन त्याने घरी फोन केला. "वर आलो. पातेल्यात साखर घाल. चार चमचे जास्त." डॉक्टरांनी दाखला दिला आणि वर म्हणाले, तुमची छाती माझ्यापेक्षा बरी आहे.

मला वाटलं, आता आपण भंगारात. पण मालक मला मिस्त्रीकडे घेऊन गेला आणि म्हणाला, "याला नॉब नव्हता म्हणून माझा श्वास परत आला. याला टाकायचा नाही." मिस्त्रीने कपाटाचा तळ उपसून एक नवा पडदा शोधला आणि मला बसवला. माझा पितळी भाग काढून ठेवला. माझी नळी बदलून पिवळीधमक लावली आणि ती नव्याच्याच पितळी भागाला जोडली. आता मी दुसरा, जादाचा. पाण्यात कधी पहिल्याने दगा दिला, तर हात सापडेल तिथे, छातीवर, मला अडकवलेलं असतं.

रोज मी त्याच्याबरोबर चौदा मीटर खाली जातो. नवा त्याच्या तोंडात असतो आणि मी चार बोटं खाली. ते गुणगुणणं मला आता बाहेरून ऐकू येतं. आणि खरं सांगतो, हेवा अजून गेलेला नाही. नव्याच्या रबरावरही आता डावीकडे खड्डे पडू लागलेत. ते दिसले की अजून टोचतं.

पण माझी पाळी येईल ती त्याच्यावर संकट आलं तरच. त्याच्या तोंडात पुन्हा जायची इच्छा धरली की ती त्याच्या वाइटाचीच इच्छा होते. म्हणून वहिनीसारखा मीही एक नवस केला आहे, ती इच्छा सोडायचा. रोज उतरण्याआधी मालक दोन बोटांनी नव्याला टकटक करतो आणि मग, न विसरता, मलाही. तेव्हा मी देवाला म्हणतो, आजही माझी गरज पडू देऊ नकोस.

कालपर्यंत पडली नाही. तुम्हीही त्याच्यासाठी एवढंच मागा.