पाऊण डाव

मी एक जुना, लांब दांड्याचा स्टीलचा डाव आहे. कारखान्यात पत्रा ठोकून मला घडवले आणि तिथून मी थेट एका शाळेच्या स्वयंपाकघरात आलो. स्वयंपाकाच्या मावशींनी मला हातात तोलले आणि म्हणाल्या, "चांगला खोलगट आहे हो! एका डावात एक पोट." मित्रांनो, ती शाबासकी मला कितीतरी वर्षे पुरली.

मग एके वर्षी मला पातेल्याचा तळ लागू लागला. खर्र! त्या आवाजाने अंगावर काटा येई. दूर कुठेतरी युद्ध पेटले होते, धान्याची जहाजे बंदरात अडकली होती. दुसरीकडे पावसाअभावी गहू करपला होता. इंधन महागले, तसे खत आणि वाहतूकही महागली. उद्या आपल्यालाच पुरेल का, या धास्तीने काही देशांनी धान्य बाहेर पाठवणेच थांबवले. ती लांबची धास्ती वाण्याच्या दुकानातून आमच्या पातेल्यात उतरली.

"मावशी, आजपासून पाऊणच डाव वाढा," मुख्याध्यापक मान खाली घालून म्हणाले. "पुढच्या महिन्यात तेवढं तरी मिळेल की नाही, देव जाणे."

"अहो सर, पोटं काय पाऊण झालीत का?"

सर तसेच माघारी वळले.

मावशी मला काठोकाठच भरत राहिल्या. डाळ कशी पुरते, ते फक्त मला ठाऊक होते. त्या घरची डाळ पदराआडून आणून पातेल्यात टाकत आणि सगळे जेवून गेले की पातेले विसळून तेच पाणी पीत. रोज त्यांची पकड सैल होत होती. ओरडून सांगावेसे वाटे. पण डावाला कुठला आवाज?

एका दुपारी मी त्यांच्या हातून निसटलो. पाठोपाठ त्याही फरशीवर कोसळल्या.

"सर, मावशी डोळे उघडत नाहीयेत!" रांगेतली सातवीतली मुलगी किंचाळली. संपले सारे, असे मला वाटले. सरांनी धावत येऊन पाणी शिंपडले. शुद्धीवर येताच मावशी पुटपुटल्या, "सगळ्यांना मिळालं ना?"

त्या मुलीने मला उचलून धुतले, डाळ वाढली आणि दरडावले, "आधी तुम्ही जेवा!"

मावशी उपाशी राहून वाढत होत्या, हे मुलांनी घरी सांगितले; आता काही घरांतून मूठमूठ डाळ येते. भाव मात्र उतरलेले नाहीत. पातेल्याचे झाकण निघताना मी आजही आधी डाळ कुठवर आहे ते बघतो.

मित्रांनो, महागाई सर्वांत आधी जेवण वाढणाऱ्याच्या ताटात शिरते, आणि त्या ताटाकडे कुणाचेच लक्ष नसते. आज तुम्हाला जो वाढेल, त्याला विचारा, "तुम्ही जेवलात का?" तो "हो" म्हणेल. तरी उठून त्याचे ताट बघा.