हललेला पाय

"पाय हलला, पाय हलला," म्हणत बाहेरच्या खोलीतली माणसं आतल्यांच्या खांद्यांवरून डोकावू लागली. पलंगावरचा वायरमन घामाघूम झाला होता. खांबावरून पडून त्याचा कणा मोडला, तेव्हापासून कमरेखाली त्याला काही कळत नव्हतं. आणि महिनाभर रोज घरी येणाऱ्या स्पर्शबाबांनी तळव्यावर बोट ओढताच आजही गुडघा झटकन वर आला होता.

"आम्ही कोण? आम्ही नुसते नळ," बाबा डोळे मिटून म्हणाले. "ऊर्जा वरून येते, बोटातून उतरते. फक्त पहिल्या दिवशी सांगितलं तसं, याला कुशीवर वळवू नका. सांडते ती." जणू ऊर्जा म्हणजे काठोकाठ भरलेलं पातेलंच.

बाबांच्या उपचारांची बातमी कळताच परगावाहून आलेली त्याची थोरली बहीण दारात उभी होती. शरीरक्रियाशास्त्र शिकवणारी तिच्या विद्यापीठातली ती पहिली बाई. बेडकांच्या पायांवर प्रयोग करण्यात तिच्या उमेदीची वर्षं गेली. सहकारी तिला 'बेडूकबाई' म्हणून हसले, आलेली स्थळं परत गेली, पण मेंदूशी संबंध तुटलेला पाय स्पर्शाला कसा उत्तर देतो, यातला एक अवघड धागा तिने सोडवला होता.

"ताई, पाहिलंस ना? मी चालणार," भाऊ म्हणाला.

अपघातानंतर त्याचा चेहरा असा उजळलेला तिने पाहिला नव्हता. ती गप्प राहिली असती. पण चादर सरकली आणि तिला वास आला. सतत उताणं पडून पडून पाठीला हाडापर्यंत जखम झाली होती.

"डोळे मीट," ती म्हणाली, आणि पेनाच्या टोकाने तिने तळव्यावर रेघ ओढली. गुडघा तसाच वर आला.

"काय केलं मी?"

"अजून कुठे काय केलंस?" तो म्हणाला आणि त्याने डोळे उघडले. पाय वर होता. त्याला समजलं. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"बाईंतही ऊर्जा आहे," बाबा म्हणाले.

"मग या पेनालाही हात जोडा," ती म्हणाली. "तळव्याचा निरोप पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तिथूनच पायाला हुकूम सुटतो. मेंदूकडची वाट तुटलीय. म्हणून पाय हलतो, पण त्याला कळत नाही. वहिनी, डॉक्टरांनी कूस बदलायला सांगितली होती ना?"

"सांगितली होती. पण पाय हलला होता ना, ताई," भावजय एवढंच म्हणाली.

बाबा केव्हा सटकले, कुणालाच कळलं नाही. भावाला दवाखान्यात हलवलं, पण जखमेचं विष रक्तात भिनलं होतं. शेवटी त्याने तिचा हात धरून विचारलं, "बेडकांचं ते मला कधी सांगितलं का नाहीस गं?"

तो गेल्यावर भेटायला आलेल्या शेजाऱ्याने हळूच म्हटलं, "काही म्हणा बाई, पाय हलला होता खरा."

"हलला होता," ती म्हणाली. "त्याचा अर्थ तुम्हाला खोटा सांगितला गेला. पुढे कुणी असं काही दाखवलं, तर दुसऱ्या कुणाला ते करून पाहू द्या. आजाऱ्याला काय जाणवलं, ते त्यालाच विचारा. आणि चालू उपचार थांबवायला सांगितलं, तर तिथल्या तिथे त्या माणसाला बाहेर काढा. कळलं नाही तर मला बोलवा. मी येईन."

मग ती आत जाऊन भावजयीजवळ बसली.